वय, वास्तव्य आणि मृत्यूचे कारण : नागपूरच्या आरोग्याचे तीन रकाने

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

लोकसंख्येचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, माणसे फार झाली. दुसरा म्हणतो, मुले कमी होऊ लागली. नागपूरच्या आरोग्याला ज्याचे उत्तर हवे आहे तो प्रश्न मात्र या भांडणात मागेच पडतो : या शहरात कोणत्या वयाची किती माणसे राहतात, आणि ती कोणत्या वयात, कशाने मरतात? त्याचे उत्तर तीन कागदांवर अवलंबून आहे. जनगणनेचा तक्ता, जन्माची नोंद आणि मृत्यूची नोंद. हे कागद भरताना नेमक्या कोणत्या रकान्यात चूक होते, का होते, आणि घरच्यांनी, डॉक्टरांनी व महापालिकेने काय केले तर ती टळेल, हे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत.

आधी परिस्थिती काय आहे ते पाहू. १९७१ मध्ये देशाचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात सरासरी होणारी मुले, ५.२ होता. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तो २.० भरला आणि महाराष्ट्रात १.७. एका पिढीच्या जागी तेवढीच पुढची पिढी यायला साधारण २.१ लागतो. राज्य त्या रेषेखाली उतरले आहे, तरी लोकसंख्या वाढतेच आहे. याचे कारण साधे आहे. आधीच्या मोठ्या पिढ्यांत जन्मलेल्या मुली आज आई होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकीला मुले कमी, पण आया पुष्कळ. त्याच काळात मरणही मागे सरकले. राज्याचा अर्भक मृत्युदर, म्हणजे हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळे, २०२० मध्ये १६ वर आला, तेव्हा देशाचा २८ होता. मातामृत्यूचे प्रमाण २०१८-२०मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते, देशात ९७. मुले कमी आणि आयुष्य लांब, याचा परिणाम एकच : साठीपुढची माणसे वाढणार. २०११च्या गणनेत ती महाराष्ट्रात ९.९ टक्के होती. २०३१ साठीचा अंदाज १५ टक्क्यांचा आहे.

आपली सरकारी आरोग्यसेवा बाळंतपण, लसीकरण आणि कुटुंबनियोजन यांच्याभोवती उभी राहिली. ती कामे संपलेली नाहीत. १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय असलेल्या राज्यात ती संपली असे कुणी म्हणू नये. पण त्यांच्या जोडीला आता लकवा, रक्तदाब, साखर, मूत्रपिंड निकामी होणे, कर्करोग, पडून मोडलेले खुबे आणि एकटी राहणारी म्हातारी माणसे आली आहेत. त्यांच्यासाठी खाट, औषध आणि माणूस कुठे ठेवायचा हे आकड्यांवरूनच ठरते.

आणि तो आकडा जुना आहे. नागपूर महापालिका हद्दीत २०११ मध्ये २४,०५,६६५ माणसे मोजली गेली. त्यानंतर हुडकेश्वर-नरसाळा हद्दीत आले, बाहेरच्या अंगाला लेआउटवर लेआउट पडले. पुढच्या जनगणनेचा संदर्भक्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरायची तो, आहे १ मार्च २०२७ची मध्यरात्र. म्हणजे मधली सोळा वर्षे आपण अंदाजावर चाललो आहोत. त्याने काय होते ते लसीकरणात बघा. शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण ५०,००० लोकांमागे एक असते. केंद्राचे वर्षाचे बालकांचे उद्दिष्ट लोकसंख्येला जन्मदराने गुणून काढतात : समजा ५०,००० गुणिले हजारी १५, म्हणजे ७५० बाळे. कडेच्या भागात प्रत्यक्षात ७०,००० लोक राहायला आलेले असले तर बाळे १,०५० होतात. त्यातल्या ८५० जणांना लस मिळाली की कागदावर ११३ टक्के काम दिसते आणि २०० बाळे सुटल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही. शहराच्या जुन्या भागात नेमके उलटे घडते. तिथे तरुण कुटुंबे बाहेर गेलेली, मुले थोडी, आणि परिचारिकेला 'उद्दिष्ट का गाठले नाही' म्हणून जाब द्यावा लागतो. गोवरासारखा आजार पहिल्या प्रकारच्या भागातच पसरतो.

आता वय. दोन प्रभाग घ्या, प्रत्येकी दहा हजार लोकांचे. आकडे केवळ हिशेब कळण्यासाठी आहेत. पहिल्यात साठीपुढचे २,०००, त्यांचा मृत्युदर हजारी ४०, म्हणजे वर्षाला ८० मृत्यू. उरलेल्या ८,०००मध्ये हजारी २ प्रमाणे १६. एकूण ९६, म्हणजे हजारी ९.६. दुसऱ्यात साठीपुढचे फक्त ६००, पण त्यांचा दर हजारी ५५, म्हणजे ३३ मृत्यू. उरलेल्या ९,४००मध्ये हजारी ३ प्रमाणे २८. एकूण ६१, हजारी ६.१. बैठकीत हे दोन आकडे ठेवले तर दुसरा प्रभाग निरोगी ठरतो. खरे म्हणजे तिथे म्हाताराही जास्त मरतो आणि तरुणही. म्हातारे मुळात थोडे आहेत एवढेच. दोन्हीकडे सारखीच वयरचना धरा, साठीपुढचे १,००० आणि बाकीचे ९,०००, की पहिल्याचा दर ५.८ आणि दुसऱ्याचा ८.२ निघतो. रक्तदाबाच्या गोळ्या आधी कुठे पोचायला हव्यात, याचे उत्तर एका भागाकाराने फिरते. पण हा हिशेब करायला प्रत्येकाचे वय बरोबर लागते, आणि तिथेच घोडे अडते.

लोक वय सांगताना शून्य आणि पाचवर थांबतात. 'साठ धरा', 'पासष्ट असेल.' अठ्ठावन्न, एकोणसाठ, एकसष्ट सगळे साठच्या रकान्यात जाऊन बसतात. दुसरी गफलत आपल्या भाषेतली आहे. 'आईला सत्तरावे लागले' याचा अर्थ ६९ वर्षे पूर्ण. जनगणनेला पूर्ण झालेली वर्षे हवी असतात, म्हणून तिथे ६९ लिहायला हवे, पण ऐकणारा ७० लिहून मोकळा होतो. तिसरी गोष्ट कागदपत्रांची. जुन्या काळी जन्मतारीख ठाऊक नसली की शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून लिहीत, कारण त्या हिशेबाने प्रवेशाचे वय भरत असे. आजही महाराष्ट्रात कुठल्याही कार्यालयाची यादी काढा, १ जूनचे वाढदिवस डोळ्यांत भरतात. नंतर आधारसाठी नुसते वय सांगणाऱ्यांच्या पदरी १ जानेवारी आली. चौथे कारण सवलतींचे. एसटीचे अर्धे तिकीट ६५ला, पूर्ण मोफत प्रवास ७५ला, श्रावणबाळ योजना ६५ला, आयुष्मान वय वंदना कार्ड ७०ला. जिथे उंबरठा असतो तिकडे वय सरकते. गरिबाने तसे केले तर आम्ही त्याला दोष देत नाही. पण जनगणनेत सांगितलेल्या वयाचा या योजनांशी काडीचा संबंध नसतो. १९४८च्या जनगणना कायद्याने ती माहिती गोपनीय आहे आणि पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. तिथे खरे वय सांगण्यात कुणाचेही नुकसान नाही.

प्रगणकांना, म्हणजे घरोघरी जाऊन मोजणी करणाऱ्यांना, आमचा सल्ला असा. वय विचारण्याआधी जन्मतारखेचा कागद मागा. त्यावर १ जून किंवा १ जानेवारी असेल, किंवा कागदच नसेल, तर प्रसंगांवरून वय काढा. नागपुरात त्यासाठी चांगल्या खुणा आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली, तेव्हा आजी कडेवर होत्या की चालत होत्या? १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला तेव्हा शाळेत जात होत्या का? बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालेले होते का, पहिले मूल पदरात होते का? नरखेड-काटोलकडच्या माणसाला मोवाडचा पूर विचारा, तो जुलै १९९१चा. धम्मदीक्षेच्या वेळी जी मुलगी वर्ष-दोन वर्षांची होती ती फेब्रुवारी २०२७मध्ये ७१ किंवा ७२ वर्षांची असणार, मग घरच्यांनी 'पंच्याहत्तर लिहा' म्हटले तरी. शिवाय थोरल्या मुलाच्या वयाशी ताळा घालून बघा. आई आणि मूल यांच्यात तेरा वर्षांचे अंतर निघाले तर दोघांपैकी एकाचे वय बहुधा चुकले आहे.

पर्यवेक्षकाला हे काम हातानेही तपासता येते. आपल्या सगळ्या प्रगणकांच्या नोंदी एकत्र करून २३ ते ६२ वयाची माणसे मोजा. त्यातली शून्य किंवा पाचने संपणाऱ्या वयाची वेगळी काढा. त्या संख्येला पाचने गुणा, एकूण संख्येने भागा, शंभराने गुणा. याला व्हिपलचा निर्देशांक म्हणतात. १०० आले तर शून्य-पाचची ओढ अजिबात नाही. १०५च्या आत असेल तर काम उत्तम, १२५च्या वर गेले तर कच्चे, आणि ५०० म्हणजे प्रत्येकाने गोल आकडाच सांगितला. मोजणी चालू असतानाच हा हिशेब केला तर कच्च्या घरी पुन्हा जाता येते. वर्षभराने अहवालात कळून काही उपयोग नाही.

वयानंतर वास्तव्य. नागपूरसाठी आम्हाला हा मुद्दा सर्वांत कळीचा वाटतो. मेडिकल, मेयो, डागा, एम्स ही सरकारी आणि शेकडो खाजगी रुग्णालये यांच्यामुळे भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर इथून, आणि सीमेपलीकडच्या छिंदवाडा, शिवनी, बालाघाटहून रोज रुग्ण इथे येतात. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे घटना जिथे घडली तिथेच ती नोंदवायची. म्हणून बालाघाट जिल्ह्यातल्या बाईचे बाळ डागात जन्मले की ते नागपूरच्या नोंदवहीत चढते आणि गडचिरोलीचा रुग्ण मेडिकलमध्ये गेला की तो मृत्यूही नागपूरचा. या कच्च्या संख्येला नागपूरच्या लोकसंख्येने भागले तर शहराचा जन्मदर, मृत्युदर, अर्भकमृत्यू सगळेच फुगतात. तिकडे गडचिरोलीचे मृत्यू घटलेले दिसतात, जणू तिथे सगळे आलबेल आहे. अडचण दोन्ही जिल्ह्यांची होते, आणि त्यात गडचिरोलीची जास्त.

कायद्याच्या नमुन्यात यावर उपाय आधीपासून आहे. जन्माच्या फॉर्म १ मध्ये आणि मृत्यूच्या फॉर्म २ मध्ये सांख्यिकी माहितीचा वेगळा भाग असतो. त्यात आईचे किंवा मृताचे राहण्याचे गाव, तालुका, जिल्हा, राज्य लिहायचे असते. ती व्यक्ती प्रत्यक्ष जिथे राहत होती ते ठिकाण. घरक्रमांक किंवा गल्लीचीही गरज नाही. पण होते असे की भरती करताना नातेवाइकाच्या घरचा किंवा मेडिकल चौकाजवळ भाड्याने घेतलेल्या खोलीचा पत्ता दिलेला असतो, आणि फॉर्म भरणारा कारकून केस पेपरवरचा तोच पत्ता उतरवतो. काही जणांना भीती असते की बाहेरगावचे नाव लिहिले तर दाखला मिळायला त्रास होईल. तसे काही नाही. दाखला घटना घडलेल्या ठिकाणचे जन्म-मृत्यू निबंधकच देतात. म्हणून रुग्णालयांनी भरतीच्या कागदावरच दोन वेगळे रकाने करावेत : 'सध्या संपर्काचा पत्ता' आणि 'गेले वर्षभर कुठे राहता'. वर्षभराची अट आम्ही उगाच घालत नाही. कर्करोगाच्या लोकसंख्याधारित नोंदणीत किमान वर्षभर त्या भागात राहिलेल्यालाच तिथला रहिवासी धरतात. एकदा ही सवय लागली की सगळ्या नोंदी एका मापात येतात.

वास्तव्याची दुसरी चूक घरात होते. मुलगा पुण्यात, मुलगी हैदराबादला, घरी दोघेच म्हातारे. प्रगणक आला की आई-वडील प्रेमाने चौघांचीही नावे सांगतात. नाव वगळले तर हक्क जाईल असेही वाटते. मुलाची मोजणी पुण्यातही होते, म्हणजे तो दोनदा मोजला जातो. त्याहून मोठे नुकसान हे की दोन म्हाताऱ्यांचे घर कागदावर चौघांचे तरुण कुटुंब होऊन बसते. घरी जाऊन औषध देण्याची, फिजिओथेरपीची, जेवणाच्या डब्याची सोय करायची तर अशी घरे किती आणि कुठे आहेत हे आधी कळायला हवे. २०११मध्ये गणनेच्या संपूर्ण काळात जो घराबाहेर होता त्याचे नाव त्या घरात धरायचे नव्हते. नियमाचे मर्म ध्यानात ठेवा : जो जिथे राहतो तो तिथेच मोजला जावा. रेशनकार्ड, मतदारयादी, वारसाहक्क यांतले काहीच यावर ठरत नाही.

आता मृत्यूचे कारण. २०२०मध्ये देशात जेवढे मृत्यू नोंदले गेले त्यातल्या फक्त २२.५ टक्क्यांचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले होते. जे प्रमाणित झाले त्यातही पुष्कळ कामाचे नसते. रुग्णालयात मृत्यू झाला तर फॉर्म ४ आणि घरी झाला तर फॉर्म ४-अ भरायचा. त्याची रचना समजून घेतली तर चूक कुठे होते ते लगेच दिसते. पहिल्या भागात तीन ओळी असतात. (अ) ओळीत ज्या स्थितीने थेट मृत्यू आला ती. (ब)मध्ये ती कशामुळे उद्भवली. (क)मध्ये त्याच्याही मागचे, सगळ्यात मुळाशी असलेले कारण. प्रत्येक ओळीसमोर ते सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत किती काळ गेला तेही लिहायचे. दुसऱ्या भागात मृत्यूला हातभार लावणारे पण या साखळीत न बसणारे आजार. आकडेवारीत धरले जाते ते साखळीच्या तळाचे कारण, (अ) ओळीतले नव्हे.

आणि प्रत्यक्षात (अ)मध्ये 'हृदय व श्वसन बंद पडणे' लिहून खालच्या ओळी कोऱ्या सोडतात. हृदय आणि श्वास प्रत्येकाचाच बंद पडतो, त्यालाच मृत्यू म्हणतात. ते मरणाचे वर्णन झाले, कारण नव्हे. असा फॉर्म आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीच्या संकेतांकात बसवताना निरुपयोगी खान्यात पडतो. 'म्हातारपण' लिहिले तर तेही आर-५४ या अशाच मोघम संकेतांकात जाते. लकव्याने गेलेल्या माणसाचा फॉर्म असा हवा : (अ) मेंदूतील रक्तस्राव, २ दिवस. (ब) उच्च रक्तदाब, १२ वर्षे. दुसऱ्या भागात : मधुमेह, ८ वर्षे. (क) ओळ लागत नसेल तर रिकामी राहू द्या. फक्त शेवटच्या भरलेल्या ओळीत मूळ कारण आले पाहिजे.

पडण्याचे उदाहरण बघा, कारण म्हाताऱ्या होत चाललेल्या शहरात ते वाढत जाणार. सत्तरीची बाई न्हाणीघरात घसरते, खुब्याचे हाड मोडते, सहा आठवडे अंथरुणाला खिळते, शेवटी फुप्फुसात कफ होऊन जाते. फॉर्मवर फक्त 'न्यूमोनिया' येतो. बरोबर साखळी अशी : (अ) न्यूमोनिया, ५ दिवस. (ब) मांडीच्या खुब्याचे हाड मोडणे, ६ आठवडे. (क) न्हाणीघरात घसरून पडणे, ६ आठवडे. पहिल्या नोंदीवरून खाते प्रतिजैविके मागवील. दुसऱ्यावरून कळेल की गरज न्हाणीघरात खडबडीत फरशी आणि धरायला दांडा बसवण्याची, डोळे तपासण्याची, आणि झोपेच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोस एकदा पाहून घेण्याची होती.

विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचेही असेच होते. या आजाराचा झटका येऊन भरती झालेला विशीतला मुलगा फुप्फुसाच्या गुंतागुंतीने किंवा जंतुसंसर्गाने जातो आणि कागदावर उरतो 'सेप्सिस' किंवा 'तीव्र रक्तक्षय'. सिकलसेल तळाच्या ओळीत आला नाही तर आकडेवारीच्या दृष्टीने त्या आजाराने तो मेलाच नाही. सिकलसेलच्या कार्डावर 'एसएस' (म्हणजे आजार असलेला, नुसता वाहक नव्हे) लिहिलेले असेल तर नातेवाइकांनी ते डॉक्टरांपुढे ठेवावे.

निवासी डॉक्टरांना दोष देऊन भागणार नाही. पहाटे तीनला ज्याच्या पाळीत मृत्यू होतो त्याने रुग्णाला कधी पाहिलेलेही नसते. केस पेपर जाड, बाहेर नातेवाईक घाईत, आणि फॉर्म कसा भरायचा हे शिकवायला एक तास पुरेल पण तो तास कुणी घेत नाही. उपाय असा की गंभीर रुग्णाच्या केस पेपरच्या पहिल्या पानावर उपचार करणाऱ्या युनिटने 'मूळ आजार आणि किती वर्षांपासून' ही एक ओळ रोजच्या फेरीत लिहून ठेवावी. पाळीतल्या डॉक्टरने तीच उतरवायची. आणि आठवड्यातून एकदा वरिष्ठाने त्या आठवड्यातले सगळे फॉर्म चाळून 'हृदय बंद' एवढेच लिहिलेले वेगळे काढावेत.

कायद्याची बाजू पक्की आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे प्रत्येक वैद्यकीय संस्थेने, ती सरकारी असो की खाजगी, कारणाचे प्रमाणपत्र निबंधकांना पाठवायचे, त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची, आणि त्यासाठी पैसे घ्यायचे नाहीत. मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापले जात नाही, कायदाच तसे सांगतो. त्यामुळे क्षय, एचआयव्ही, दारू किंवा आत्महत्या लपवायला लावण्याचे कारण नातेवाइकांना उरत नाही.

घरी मृत्यू झाला तर शेवटच्या आजारात ज्यांनी तपासले त्या डॉक्टरांकडेच फॉर्म ४-अ साठी जावे. घाटावर निघायच्या गडबडीत चौकातला जो कुणी डॉक्टर भेटेल त्याची सही घेतली जाते. त्याला पूर्वेतिहास ठाऊक नसतो, मग तो 'हृदयविकार' लिहितो, आणि शहरात हृदयविकार वाढल्याची बातमी होते. म्हणून घरातल्या प्रत्येक ज्येष्ठाची एक फाइल असावी. शेवटचे डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची चिठ्ठी, आणि एका कागदावर रक्तदाब कोणत्या सालापासून, साखर कोणत्या सालापासून. ही फाइल जिवंतपणी भरतीच्या वेळी जास्त उपयोगी पडते. घरच्या मृत्यूची खबर कुटुंबप्रमुखाने २१ दिवसांत द्यायची असते. त्यानंतर, मृत्यूपासून ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षाच्या आत लेखी परवानगी आणि स्वयंसाक्षांकित कागदपत्र, आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

फॉर्म २ मध्ये आणखी दोन रकाने असतात, ते जवळजवळ नेहमी 'नाही' लिहून उरकले जातात. एक, मृत स्त्री असेल तर मृत्यू गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतर सहा आठवड्यांत झाला का? बाळंतपणाला पाच आठवडे झालेली बाई काविळीने मेडिसिनच्या वॉर्डात जाते आणि तिथे तिच्या बाळंतपणाबद्दल कुणी विचारतच नाही. पन्नाशीच्या आतल्या प्रत्येक स्त्रीबाबत हा प्रश्न नातेवाइकांना तोंडी विचारलाच पाहिजे. दुसरा रकाना सवयींचा : धूम्रपान, तंबाखू, सुपारी किंवा पानमसाला, दारू, आणि प्रत्येक किती वर्षे. नागपुरात इथे हमखास घोटाळा होतो. 'तंबाखू खात होते का?' 'नाही हो, फक्त खर्रा.' खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकमध्ये घोटलेला. तो तंबाखूच्याही रकान्यात जायला हवा आणि सुपारीच्याही. फॉर्म भरणाऱ्याने 'तंबाखू' न विचारता 'खर्रा किती वर्षे खात होते' असेच विचारावे, उत्तर आपोआप खरे येते. तोंडाच्या कर्करोगाचे ओझे मोजायला याहून स्वस्त साधन नाही.

जन्माच्या नोंदीबद्दल थोडक्यात. बाळाचे वजन २,५०० ग्रॅमच्या खाली असेल तर ते कमी वजनाचे धरतात. म्हणून २,४६० भरले की 'अडीच किलो' लिहायचा मोह होतो आणि त्या बाळाच्या घरी आशाताईंची जादा भेट होत नाही. काट्यावर दिसेल तेच लिहावे, शेवटच्या दहा ग्रॅमसकट. वर्षभराच्या आतल्या बाळाच्या मृत्यूत वयाचे एकक न विसरता लिहावे. एक दिवसाच्या आत असेल तर तास, महिन्याच्या आत दिवस, वर्षाच्या आत महिने. नुसता '३' लिहिला तर तीन तास, तीन दिवस, तीन महिने की तीन वर्षे, हे नंतर कुणालाही ओळखता येत नाही. पहिल्या आठवड्यातले मृत्यू बाळंतपणाच्या सेवेकडे बोट दाखवतात, तीन महिन्यांचे बहुधा न्यूमोनिया, जुलाब आणि पोषणाकडे.

महापालिकेकडे आमची मागणी नेमकी आहे. जन्म-मृत्यू विभागाकडे असलेल्या नोंदींवरून दर महिन्याला दहाही झोनचा एकेक पानाचा तक्ता प्रसिद्ध करावा. त्यात फक्त शहरात राहणाऱ्यांचे मृत्यू, पाच-पाच वर्षांच्या वयोगटात, स्त्री-पुरुष वेगळे, मूळ कारणासह, आणि 'कारण मोघम' असलेल्यांची संख्या सगळ्यात वर. बाहेरगावच्या रहिवाशांचे मृत्यू वेगळ्या पानावर काढून त्या-त्या जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना कळवावेत. कुणाचे नाव-पत्ता उघड करण्याची गरज नाही.

हा तक्ता मृत्यूच्या तारखेप्रमाणे असावा, नोंदणीच्या नव्हे. याचे महत्त्व मे महिन्यात कळते. अहमदाबादेत मे २०१०च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, हे कळले ते रोजच्या मृत्यूंची आदल्या आणि पुढच्या वर्षाच्या त्याच दिवसांशी तुलना केल्यावर. उष्माघात म्हणून नोंदलेल्या मृत्यूंवरून ते कळलेच नसते. त्यातूनच २०१३मध्ये तिथला उष्णता कृती आराखडा आला. नागपुरात २३ मे २०१३ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत मरणारी माणसे बहुतेक उन्हात काम करणारी असतात किंवा पत्र्याच्या खोलीत घरीच असलेली म्हातारी. या म्हाताऱ्यांना घाम आधीच कमी येतो, आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी अंगातले पाणी आणखी घटते. त्यांच्या फॉर्मवर 'हृदय बंद पडणे' आले की उष्णता हिशेबातून गेली. म्हणून एप्रिल उजाडायच्या आत प्रत्येक कॅज्युअल्टीत सूचना लागावी : रुग्ण आला की बर्फ आणि ओले कापड लावण्याआधीच गुदद्वारातले तापमान मोजून वेळेसकट लिहा. तो कुठे सापडला, छत पत्र्याचे होते का, पंखा किंवा कूलर चालू होता का, आणि कोणत्या गोळ्या चालू होत्या, हे आणणाऱ्याला तिथेच विचारा. तो माणूस निघून गेल्यावर ही माहिती परत मिळत नाही.

आपले,
सार्वजनिक आरोग्य व लोकसंख्याशास्त्र शिकवणारे काही शिक्षक,
नागपूर